गिरणीचा निकाल

सर्वोच्च न्यायालयाची आणि माझी पहिली ओळख पिठाच्या गिरणीत झाली. शिरूर कोर्टाच्या बाररूममध्ये मी हे एकदा सांगितलं तेव्हा सगळे हसले. त्यांना वाटलं, बाईंचं वय झालं. वय झालंच आहे, पण गोष्ट खरी आहे. माझं माहेर दौंड तालुक्यात, राहू गावाच्या पुढं नदीकडेला. गावची गिरणी सोसायटीची, आणि ती चालवायचे माझे वडील, अण्णा. फौजेत ते गाड्यांच्या इंजिनांवर काम करायचे. सुटून आले तेव्हा सोसायटीनं नवंकोरं डिझेल इंजिन आणून ठेवलेलं होतं आणि ते चालू कसं करायचं यावरून गावात तीन गट पडलेले होते. अण्णांनी एका दुपारात ते चालू करून दाखवलं. त्या दिवसापासून गिरणीची किल्ली त्यांच्या कमरेला आली आणि गिरणीमागची खोली आम्हाला राहायला मिळाली. आम्ही बौद्ध. वस्तीतून उठून गाव आणि वस्ती यांच्या बरोबर मधे राहायला आलेलं आमचं पहिलंच घर.

त्या घरात सगळ्यावर पीठ असायचं. अण्णांच्या भुवयांवर, आईच्या लुगड्यावर, माझ्या वह्यांवर, घड्याळाच्या काचेवर. आई दिवसातून तीनदा फडकं मारायची आणि तीनदा अण्णांवर चिडायची. आमची काळी मांजर पाहुण्यांना कायम करडी वाटायची. इंजिनाच्या धुराड्याच्या तोंडावर अण्णांनी पत्र्याचं एक डबडं बसवलं होतं, त्यातून पुक् पुक् पुक् असा आवाज निघायचा आणि पार नदीपलीकडच्या मळ्यांपर्यंत जायचा. तो ऐकला की बायका डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. त्या आवाजावर आवाज चढवायची आम्हाला अशी सवय लागली की इंजिन बंद असलं तरी आम्ही ओरडूनच बोलायचो. पुढं पस्तीस वर्षं मी वकिली केली, आणि प्रत्येक नव्या न्यायाधीशांनी पहिल्या आठवड्यात मला एकच सांगितलं, "बाई, जरा हळू." मी हळू बोलायला लागले की मला स्वतःलाच माझं म्हणणं खोटं वाटायला लागतं, याला काय करायचं?

गिरणी सुरू झाली तेव्हाच सोसायटीच्या पोटनियमात एक ओळ घातलेली होती. येईल त्याचं दळण, आल्या क्रमानं. ही ओळ गुरुजींची. गुरुजी म्हणजे आमच्या गावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक; जातीनं मराठा, नदीला दोन एकर जमीन, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला शुद्धलेखनाचे गुण मिळावेत. पोटनियम लिहायला गावात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते त्यांनी लिहिले, आणि कुणी नीट वाचले नाहीत म्हणून ते मंजूर झाले. बायका येऊन डबे ओळीनं ठेवायच्या. कुणाचा डबा कुणाच्या पुढं, हे डबा कधी आला त्यावर. आमच्या वस्तीतली राधाबाई सकाळी खुरपायला जायच्या आधी डबा ठेवून जायची, म्हणून तिचा नंबर बहुतेक पहिला असायचा.

आता इथं गिरणीची एक गोष्ट सांगायला हवी. गिरणीत एकाचं दळण संपून दुसऱ्याचं सुरू होतं तेव्हा आधीच्याचं थोडं पीठ दगडात राहिलेलं असतं. ते पुढच्याच्या डब्यात येतं. राधाबाईची बाजरी दळून झाल्यावर कुणाचे गहू टाकले, की पहिलं मूठदोन मूठ करडं पीठ पडतं आणि मग पांढरं. गावातल्या एखाद्या घरची बाई तेव्हा म्हणायची, "पयलं बाजूला काढा वो." अण्णा पहिली मूठ जमिनीवर सोडायचे. गव्हात बाजरी नको, हे कारण तोंडावर असायचं. पण गावातल्याच दुसऱ्या कुणाची बाजरी आधी दळलेली असली तर तीच बाई खुशाल डबा लावायची. ते जमिनीवरचं पीठ आई झाडून म्हशीला घालायची आणि म्हणायची, "म्हस बघ कशी तजेलदार झालीया, तिला जात न्हाई ना."

रविवारी दौंडहून माझे मामा यायचे. मामा रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत स्टेशनवरचे पाव आणि आठवड्याभराची वर्तमानपत्रं. मी मामा म्हणायचे म्हणून सगळं गाव त्यांना मामा म्हणायला लागलं, गुरुजीसुद्धा. मामा आले की आई हुलग्याची शेंगोळी करायला घ्यायची. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळायचं, हातावर वळून त्याची वेटोळी करायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. लसणाचा तो वास गुरुजींच्या घरापर्यंत जात असावा, कारण शेंगोळी शिजायला आणि गुरुजी यायला एकच गाठ पडायची. ते आमच्या दारातल्या दगडावर बसायचे, आमच्या ताटलीत खायचे, आणि त्या काळात हे करणारे गावात ते एकटेच होते. मग वाद सुरू. वाद कायम एकच. संसद मोठी, का सर्वोच्च न्यायालय मोठं?

"लोकांनी निवडून दिल्यात ती माणसं," मामा म्हणायचे. "कोर्टाला कोण निवडून देतं, गुरुजी? सीलिंगचा कायदा आला, मोठ्या जमीनदाराची जमीन काढून गरिबाला द्यायची म्हणलं, तर असल्या कायद्याला आडवं कोण आलं? कोर्टच की. संसदेनं घटनेत दुरुस्ती केली तवा कुटं ते कायदे वाचले. निवडून दिलेल्याला समदं बदलता आलं पायजे."

"सगळं?" गुरुजी बोटं चाटत विचारायचे. "मामा, उद्या बहुमतानं हात वर करून तुमचं मतच काढून घेतलं, तर कुणाकडे जाल? जास्त हात वर झाले म्हणजे न्याय झाला, असं नसतं."

मी तेव्हा नुकती मॅट्रिक झालेली. जो शेवटी बोलला तो मला बरोबर वाटायचा, आणि दोघंही कधी शेवटचं बोलायचे नाहीत, त्यामुळं माझं मत दर पाच मिनिटांनी फिरायचं. शेवटी आई पातेलं आपटून म्हणायची, "मोठं कोण ते सावकाश ठरवा, शेंगोळी गार व्हाया लागलीत." आजही माझ्या मोबाइलवर घटनापीठाची सुनावणी थेट दिसते. मोठमोठे वकील उभे असतात, समोर न्यायमूर्ती, आणि मुद्दा फिरून फिरून तिथंच येतो. न्यायाधीश कुणी नेमायचे, शेवटचा शब्द कुणाचा. मी स्वयंपाकघरात फोन टेकवून ऐकते. सूनबाई विचारते, आई, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही? तिला कसं सांगू, मला त्या आवाजात लसणाचा वास येतो.

त्या वर्षी श्रावणात सोसायटीच्या चेअरमनांनी, आप्पांनी, पोटनियम दुरुस्तीची नोटीस काढली. सभासदांचं दळण आधी, बाकीच्यांचं नंतर. वाचायला किती साधं. पण सभासद व्हायला नावावर जमीन लागायची, आणि आमच्या वस्तीत कुणाच्याच नावावर ती नव्हती. म्हणजे राधाबाईनं सूर्य उगवायच्या आधी डबा ठेवला तरी सगळ्या गावाचं दळण होईपर्यंत तिनं थांबायचं, आणि तिची बाजरी कुणाच्याच गव्हात यायची नाही. आप्पा तसे दुष्ट नव्हते. माझ्या मॅट्रिकच्या निकालाला त्यांनी घरी पेढे पाठवले होते. त्यांना फक्त निवडणूक जिंकायची होती, आणि ज्यांची मतं होती त्यांचं ते ऐकत होते.

अण्णांनी नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि आईला म्हणाले, "ह्यो नियम बदलला तर मी इंजिनाला हात लावणार न्हाई. माझ्या हातानं मी आपल्या माणसाला मागं सारू?" आईनं नुसतं खोलीकडं पाहिलं. गिरणी सोडली की खोलीही सुटणार होती. माझं दौंडला कॉलेजात जायचं ठरलं होतं, तेही मग कोण जाणे. मला खरं सांगायचं तर कॉलेजापेक्षा त्या आवाजाचीच धास्ती वाटली. पुक् पुक् ऐकल्याशिवाय मला जाग कशी येणार?

आणि त्याच आठवड्यात मामांच्या पिशवीतून ते वर्तमानपत्र आलं. सोमवारचा दिवस, अण्णांनी दगडाला टाकी लावायला गिरणी थांबवलेली. दगड झिजला की छिन्नीनं त्याला पुन्हा खरबरीत करावं लागतं, त्याला अर्धा दिवस जातो. पंधरावीस बायका डबे घेऊन बसून होत्या. "काय तरी वाच गं," कुणीतरी म्हणालं. मी माझा तो ठेवणीतला आवाज लावून पहिलीच बातमी वाचली. गिरणीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला होता. संसदेला घटनेत दुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही.

बायका एकदम सरसावून बसल्या.

"गिरणीचा निकाल लागला?"

"पाच जणांचं पीठ होतं म्हणं."

"कसली घटना झाली पर गिरनीत? आपल्याला कसं कळलं न्हाई?"

"आगं, ह्या नोटिशीचीच की. दिल्लीपतूर गेली म्हंजी बातमी."

ती खरं तर कापडाची गिरणी होती, कर्नाटकातली. बातमीत खाली तसं लिहिलेलं होतं. पण मला इतकं हसू फुटलं होतं की मी पेपर तोंडावर धरून पोट दाबत बसले, आणि अण्णांच्या छिन्नीच्या ठकठकीत मी पुढं काय वाचलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. दुपारी गिरणी सुरू झाली. बायका पिठाबरोबर निकालही घरी घेऊन गेल्या. दोन दिवसांत गावभर झालं: दिल्लीच्या कोर्टानं आपल्या गिरणीची केस चालवली, पाच दळणं एकत्र करून बघितली आणि सांगितलं की नियम बदलायचा न्हाई.

सभा गिरणीसमोरच्या पटांगणात, रविवारी सकाळी. एरवी सोसायटीच्या सभेला पुरुषच यायचे, आणि तेही चहापुरते. त्या दिवशी बायका आल्या. डबे ओळीनं लावून त्या गिरणीच्या भिंतीला टेकून बसल्या, कारण सभा संपल्यावर गिरणी सुरू व्हायचीच होती. मामा सायकलला टेकून उभे. अण्णा गिरणीच्या दारात, हाताची घडी घालून. आप्पांनी दुरुस्ती वाचून दाखवली आणि हात वर करायला सांगणार, एवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"आवो, कोर्टानं न्हाई सांगितलंय ना?"

आप्पांना आधी समजेना. समजलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली, कारण दोन दिवसांत ही गोष्ट त्यांच्याही कानावर आली होती आणि ती कितपत खरी आहे याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी मला हाक मारली. "पोरी, तूच वाचलंस ना? खरं सांग. आपल्या गिरणीचा निकाल हाय का त्यो?"

व्हय म्हणायला एक शब्द पुरला असता. पेपर मागून बघणारं तिथं गुरुजींखेरीज कुणी नव्हतं, आणि गुरुजी डोळे मिटून बसले होते, अगदी घट्ट मिटून. आईनं माझ्याकडं पाहिलं. राधाबाईनं पाहिलं. अण्णा मात्र दुसरीकडं बघत होते, आणि त्यामुळंच मला खोटं बोलता आलं नाही. ते बघत असते तर कदाचित मी खोटं बोलले असते.

"न्हाई आप्पा," मी म्हणाले. "ती कापडाची गिरणी हाय. कर्नाटकातली."

पुरुष हसले. मोठ्यानं, मांड्यांवर थापा मारून. आप्पांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांना चेष्टेची लहर आली. ते मामांकडं वळले. "मामा, तुमीच तर दर रविवारी सांगता, निवडून दिलेल्याला समदं बदलता आलं पायजे. आमाला निवडून दिलंय. मग बदलू का?"

मामांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. माझ्या आयुष्यात मी त्यांना गप्प बसलेलं त्या एकाच दिवशी पाहिलं. वाटलं, आपल्या प्रामाणिकपणानं आपण घर घालवलं.

तेवढ्यात चेअरमनीणबाई बोलल्या. म्हणजे आप्पांच्या पत्नी. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी बाई; गिरणीत आल्या की कोपऱ्यात बसून वाती वळायच्या. त्या दिवशीही वळतच होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कापडाची आसंना का. कापडाच्या गिरणीला जो न्याय, त्यो पिठाच्या गिरणीला का न्हाई?"

हसणं थांबलं. पूर्वनिर्णय म्हणजे काय, एका खटल्यातलं तत्त्व दुसऱ्याला कसं लावायचं, यावर पुढं मी जाडजाड ग्रंथ वाचले. यापेक्षा थोडक्यात ते मला कुठं सापडलेलं नाही.

"काय म्हणलंय त्या कापडवाल्यात? परत सांग," त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. "निवडून आलेल्यास्नी बदल करता येतो. पर ज्याच्यावर समदं उभं हाय, ते मोडता येत न्हाई."

"मंग आपल्या गिरणीत तसलं काय हाय?"

मी पट्ट्याकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं. पट्टा अण्णांनी दोनदा बदलला होता. इंजिनाचे निम्मे भाग नवे होते. मग भिंतीशी ओळीनं ठेवलेले डबे दिसले.

"नंबर," मी म्हणाले.

गुरुजींनी डोळे उघडले. ते उठले आणि शांतपणे म्हणाले की पोटनियम दुरुस्तीला हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश हात लागतात, तेव्हा आधी सभासद मोजू. आणि सभासदांचं रजिस्टर त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. तेव्हा जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते बाहेर आलं. सीलिंगचा कायदा आला त्या वर्षी जमीन जाऊ नये म्हणून गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी ती आपापल्या बायकांच्या नावावर चढवली होती. नावावर जमीन म्हणजे सभासद. गुरुजी एकेक नाव वाचत गेले आणि भिंतीला टेकलेली एकेक बाई आपलं नाव ऐकून दचकत गेली. आप्पांच्या बायकोचं नाव तिसरं होतं.

"सीलिंग!" मामांचा आवाज परत आला. "गुरुजी, संसदेनं राखलेला कायदा त्यो! लिहून ठेवा!"

"आणि निकाल न्यायालयाचा, मामा," गुरुजी म्हणाले. "तोही लिहून ठेवतो."

दुरुस्तीच्या बाजूनं पुरुषांचे हात वर झाले. सगळ्यांचे नाही, पण बरेच. भिंतीकडं एकही हात हलला नाही. चेअरमनीणबाईंच्या दोन्ही हातांत वाती होत्या. दोन तृतीयांश काही झाले नाहीत. आप्पांनी दोनदा मोजलं, बायकोकडं एकदा पाहिलं, आणि दुरुस्ती नामंजूर झाल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्यांना तसं सांगता आलं, हे मी त्यांच्या बाजूनं कायम धरत आले आहे. मामांनी मला उचलून सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, जशी काही मी पाच वर्षांची होते, आणि आई रडता रडता त्यांना ओरडली, "आरं, पोरगी पडंल." मला इतका आनंद झाला होता की पडले असते तरी चाललं असतं.

अण्णा दारातून वळले. ते आत गेले, त्यांनी हँडल मारलं, आणि पुक् पुक् सुरू झालं. पहिला डबा राधाबाईचा. तिची बाजरी झाली. दुसरा डबा चेअरमनीणबाईंचा, गव्हाचा. त्या चष्मा पुसत उठल्या. अण्णांनी गहू वर ओतले आणि नेहमीच्या सवयीनं, पहिली मूठ जमिनीवर सोडायला, खालचा डबा पायानं बाजूला सारला.

"सारू नका," त्या म्हणाल्या. इंजिनाच्या आवाजात अण्णांना ऐकू गेलं नाही. मग बाईंनी वाकून स्वतःच्या हातानं डबा ओढला आणि पिठाच्या तोंडाखाली नीट लावला. आधी करडं पीठ पडलं, मग हळूहळू पांढरं. त्या दिवशी आप्पांच्या ताटातल्या चपात्या जरा करड्या झाल्या असणार. त्यांनी काही विचारलं का, ते मला माहीत नाही. खाल्ल्या मात्र असणार.